नारळाखालचा कागद

माझ्या कपाटात दोन कॅसेटी आहेत. एकीच्या वेष्टनावर एका बाईचा फोटो आहे. नाकात नथ, डोक्यावर पाटी, आणि फोटोवाल्याने सांगितलं म्हणून आणलेलं हसू. ही बाई कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कॅसेटमधली एकही ओळ तिने गायलेली नाही. आतला आवाज माझ्या वहिनीचा आहे. वहिनीचं नाव वेष्टनावर कुठेही नाही. दुकानाचं नाव मात्र तीन ठिकाणी आहे.

दुसरी कॅसेट घरी भरलेली. तिच्यावर माझ्या अक्षरात फक्त ‘वहिनी’ लिहिलंय. तिच्यात मधूनच शेळी ओरडते, आणि एका गाण्याच्या मध्येच नाना विचारतात, “चहा शे का?” ही कॅसेट मी भरली, आणि त्या पहिल्या कॅसेटला कारणही मीच झाले. एवढ्या वर्षांनी कशाला तेच उगाळतेस, असं घरातले म्हणतात. उगाळत नाही. मी ते अजून गिळलेलंच नाही.

आमचं गाव चाळीसगाव-धुळे रेल्वेच्या रुळाला लागून. कापूस, ज्वारी, थोडा भुईमूग. घरात नाना, म्हणजे माझे वडील, मोठा भाऊ आणि मी. आई मी सहावीत असताना गेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी आठवीत होते. ती शिरपूरच्याही पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. चौथीपर्यंत शाळा शिकलेली, पण सहीसुद्धा विसरलेली.

मी दहावी पास झाले त्या दिवशी नाना पेढा खात म्हणाले, “आते पुरं व्हयनं.” आता शाळा पुरे, उद्यापासून शेतात. वहिनी चुलीपाशी होती. सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तिनं काम मी करसू. तिले जाऊ द्या.”

आणि तिने केलं. माझ्या वाट्याचं निंदणं, माझ्या वाट्याची कापूस वेचणी, माझ्या वाट्याचं पाणी. पाच वर्षं मी सकाळच्या पॅसेंजरने धुळ्याला कॉलेजात गेले आणि पाच वर्षं ती दोघींचं काम करत राहिली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ते तिच्या पाठीवर पाय देऊन. हे मी सभेत बोलल्यासारखं बोलत नाही. तिची पाठ खरोखरच लवकर वाकली.

वहिनी गायची. बायका वेचणीला गातात तशी नाही. ती गाणी रचायची. लग्नातली, जात्यावरची जुनी गाणी तिला येत होती, पण ती म्हणायची, ती तर सगळ्यांनाच येतात. हिची गाणी आजची असायची. वीज गेली आणि विहिरीवरची मोटार बंद पडली, त्याचं गाणं. एसटी आमच्या फाट्यावर हात करूनही थांबत नाही, त्या ड्रायव्हरचं गाणं. चाल निम्मी रेडिओवरची, निम्मी तिच्या माहेरी वाजणाऱ्या पावरीची, आणि दोन्ही मिळून तिसरीच काहीतरी. पाय आपोआप हलावेत अशी. आता शहरात स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या पोरापोरींना पॉप गायक म्हणतात, त्यांच्या मुलाखती छापतात. आमच्या शेतात त्याला काही नाव नव्हतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, “म्हन व माय, हात चालतंस.” गाणं म्हण, हात चालतात.

माझ्यावरही तिने एक गाणं केलं होतं. एकदा पॅसेंजरच्या दारात बसून मी परीक्षेचं गाइड वाचत होते, आणि आमचं स्टेशन आलं कधी, गेलं कधी, कळलंच नाही. पुढच्या स्टेशनावर उतरून रुळावरून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी शेतात गाणं तयार.

“नऊनी गाडी, नऊनी गाडी,
मन्ही ननंद चढनी,
हातमा पुस्तक, डोकाले तेल,
दारपासेच बठनी.
टेसन उनं, टेसन गयं,
ती वाचतच बठनी.”

शेवटच्या ओळीला सगळ्या बायका हसायच्या. मी चिडायचे. “एकदाच झालं व्हतं तसं!” वहिनी म्हणायची, “एकदा व्हयनं म्हनीसन एकच गानं करं.”

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना भावाने जुना टेपरेकॉर्डर आणला. मी एक कोरी कॅसेट घेतली, वहिनीला गोठ्यापाशी बसवलं आणि तिची आठ गाणी भरली. शेळीसकट. ती कशासाठी भरली, ते सांगितलं पाहिजे. वहिनीचे वडील वारलेले होते आणि तिचा एकुलता भाऊ चार वर्षांपूर्वी मजुरीला सुरतेकडे गेला तो गेलाच. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते. भाऊ घ्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. ती माहेरी जाते, झोके घेते, आमरस खाते. आखाजीला जिला न्यायला कोणी येत नाही, तिच्याकडे बायका ज्या नजरेने बघतात ती नजर मी चार वर्षं बघितली होती. वहिनीला चार आखाज्या कोणी घ्यायला आलं नव्हतं. मला वाटलं, ती जाऊ शकत नाही तर निदान तिचा आवाज तरी तिच्या आईकडे जाऊ द्यावा.

म्हणून कॅसेटची एक नक्कल करून घ्यायला मी धुळ्यातल्या एका कॅसेटवाल्याकडे गेले. चिठ्ठीवर गाणी लिहून दिली की तो हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. त्याने नीट भरली जातेय का पाहायला माझी कॅसेट लावली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जायची थांबली. त्याने तेच गाणं परत लावलं.

“कोण गातंय?”

“माझी वहिनी.”

“लिहिलंय कोणी?”

“तिनेच.”

“आणि चाल?”

“तीही तिचीच.”

शेळी ओरडली तिथे त्याने हसून बटण दाबलं. “एवढी शेळी सोडली तर बाकी सगळं एक नंबर,” तो म्हणाला. मग त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, विचारपूस केली. वहिनीचं माहेर कुठलं, कोण कोण आहे. मी सगळं सांगितलं. भाऊ चार वर्षं आला नाही, हेही सांगितलं. घरी कसं यायचं ते कागदावर चित्र काढून दिलं. स्टेशन, पिंपळ, गुरांचा हाळ, आमचं घर. केवढा मोठा माणूस आणि किती आपुलकीने बोलतो, असं वाटून मी त्या दिवशी नक्कल पिशवीत घेऊन परतताना पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली नाही तरी खूश होते.

तो आला तो आखाजीच्या आदल्या दिवशी.

बायकोला घेऊन आला. हातात आंब्यांची पाटी, साडी, नारळ. उंबऱ्यातच नानांच्या पाया पडला आणि म्हणाला, “आबा, मी मुराळी म्हणून आलोय. ताईला चार वर्षं कोणी घ्यायला आलं नाही असं कळलं. आजपासून मी तिचा भाऊ. माहेर मी इथेच घेऊन आलोय.”

वहिनी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसतही नव्हती. शेजारच्या बायका दारात जमल्या. ज्या चार वर्षं तशा नजरेने बघत होत्या, त्याच. नानांनी मांडे करायला सांगितले. वहिनीने खापरावर पुरणाचे मांडे केले आणि तो पाटावर बसून आमरसात बुडवून खात होता, आणि त्याची बायको वहिनीची ओटी भरत होती. ताटात कुंकू, साडी, नारळ. नारळाखाली घडी घातलेला एक स्टॅम्पपेपर.

“हे काय शे?” माझ्या भावाने विचारलं.

“काही नाही हो. ताईची गाणी जळगावला नीट रेकॉर्ड करायची, त्याचा कागद. सरकारी रीत असते. घरातलंच काम आहे, पण रीत ती रीत.”

नानांनी कागद उचलला. उलटा धरला, सुलटा धरला. मग दारातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं बोलले, “आमनी पोर कालेजमा जास. इंग्रजी वाचस ती. तिले द्या.”

कागद माझ्या हातात आला. टाइप केलेली दोन पानं. मी पहिली ओळ वाचली. सिंगर हा शब्द ओळखीचा होता. साँग्ज हा शब्द ओळखीचा होता. बाकी काय होतं? हिअरइनआफ्टर. असाइन. परपेच्युइटी. मी इंग्रजी शिकले ते गाइडमधून. धड्याचा सारांश पाठ, प्रश्नांची उत्तरं पाठ. वाक्य समोर आलं तर त्याचं करायचं काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर आपण कुठून आलो ते कळतं. पहिल्या पानाच्या मध्यावर एक लांबलचक ओळ होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं, काही कळलं नाही, परत फिरवलं, परत कळलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाना तर असे बघत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदा पीक मनासारखं आलंय. आणि माहेरचं ताट आलेलं. माहेरच्या ताटातली वस्तू देणाऱ्यासमोर उलटून पाहायची नसते. साडी कुठे फाटली आहे का बघावं, तसं ते. मी एवढंच म्हणायला हवं होतं, “मला समजत नाही. कॉलेजात सरांना दाखवून आणते.” एवढंच. दोन वाक्यं. ती मी म्हणाले नाही. मी कागदाची घडी घातली आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, “बरोबर आहे. रेकॉर्डिंगबद्दल आहे.”

वहिनीने सही केली. ही सही मीच तिला शिकवली होती, हिवाळ्यात चुलीपाशी पाटीवर गिरवून गिरवून. जीभ दातात धरून ती सही करत होती आणि मी शेजारी उभी राहून अक्षर बरोबर येतंय का बघत होते. अक्षर बरोबर आलं. त्याचीच चीड येते मला. मी तिला सही करायला शिकवलं. न करायला नाही शिकवलं.

वैशाखातच जळगावला रेकॉर्डिंग झालं. भाऊ, वहिनी आणि मी चाळीसगावला गाडी बदलून गेलो. जळगावात रस्त्याच्या कडेला रावेरकडून आलेले केळीचे ट्रक उभे होते. एका गोडाऊनच्या वर खोली होती. भिंतींना पोती आणि गाद्या ठोकलेल्या. एक कॅसिओवाला, एक ढोलकीवाला, आणि काचेमागे कानाला डबडी लावून बसलेला एक माणूस. वहिनीला माइकसमोर उभं केलं. कॅसिओ वाजला, ढोलकी वाजली, आणि वहिनी गप्प. परत वाजवलं. परत गप्प.

काचेमागचा माणूस वैतागला. “ताई, गाणं येतं का नक्की?”

वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हात रिकामा शेतस.”

ती कधीच रिकाम्या हाताने गायलेली नव्हती. कापूस, खुरपं, सूप, काहीतरी हातात असायचंच. मी पिशवी उचकटली. फडक्यात बांधलेल्या शेंगा होत्या, त्या दिल्या. तिने दोन फोडल्या तर काचेमागून ओरडा आला, आवाज येतोय म्हणून. शेवटी मी माझ्या ओढणीचं टोक तिच्या हातात दिलं आणि खाली तिच्या पायाशी बसले. ती ओढणी कापसाच्या बोंडासारखी चिमटीत धरून ओढायला लागली, आणि गायला लागली.

खोलीतला ढोलकीवाला दुसऱ्या गाण्यापासून मान वर करून तिच्याकडेच बघत वाजवत होता. माझ्या गाण्याला तो इतका हसला की एक ठेका चुकला आणि तेवढं परत करावं लागलं. दुपारपर्यंत आठही गाणी झाली. काचेमागचा माणूस बाहेर आला, त्याने कानाची डबडी काढली आणि वहिनीला नमस्कार केला. मी कुठल्याही पदवीदान समारंभाला नव्हते इतकी त्या दिवशी ताठ चालले. ओढणी फाटली होती. ती मी तशीच अंगावर घेऊन आले.

कॅसेट निघाली श्रावणात. कॅसेटवाला पाच प्रती घेऊन आला, आणि वेष्टनावर ती नथवाली बाई.

“वहिनीचा फोटो?” मी विचारलं.

“अहो, घरातल्या बाईचा फोटो पानटपरीवर लटकणार. आबांना चाललं असतं का? म्हणून मीच विचार केला.”

नाना म्हणाले, “बेस करं भाऊ.” चांगलं केलंस.

“आणि नाव?”

“नावाचंही तेच की.”

एका माणसाने तिचा चेहरा काढून घेतला, नाव काढून घेतलं, आणि आमच्या घराने त्याचे आभार मानले. वहिनीने पाचही कॅसेटी फडक्यात गुंडाळून ठेवल्या. पण त्या वर्षी कॅसेट गाजली. लग्नाच्या मांडवात, रसवंतीवर, एसटी स्टँडवरच्या टपरीत. चाळीसगावच्या स्टँडवर एकदा वहिनी डोक्यावर गाठोडं घेऊन भोंग्याखाली अशी उभी राहिली की गाडी लागली तरी हलेना. शेजारच्या बाईने विचारलं, “कोन म्हनस व हाई गानं?” वहिनी म्हणाली, “शे कोनीतरी.” घरी येऊन मला हे सांगताना ती हसत होती. तेवढंच तिला मिळालं, आणि तेही तिला पुष्कळ वाटलं.

पुढे मी बी.ए., बी.एड. झाले आणि जळगावला एका शाळेत लागले. त्याच्या पुढच्या वर्षी एका रिक्षात मला माझं गाणं ऐकू आलं. चाल तीच. नऊची गाडी तीच. गाणारा पुरुष होता आणि मध्ये मध्ये एक पोरगी खिदळत होती. पुस्तक नव्हतं. पुस्तकाच्या जागी त्यांनी काय घातलं होतं, दारात बसलेल्या पोरीला कोण काय करतं, हे मी लिहिणार नाही. रिक्षावाला मान डोलवत होता. मी मध्येच उतरले. चार दिवसांनी माझ्याच वर्गातली पोरं मागच्या बाकावर ते गुणगुणत होती. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

मग ते गावात पोहोचलं. आमच्याच गल्लीतलं लग्न होतं, मी सुट्टीवर आले होते. वरातीत बँडवाल्यांनी ती चाल धरली, भोंग्यावर कॅसेट लावली, आणि पोरं नाचायला लागली. चाल वहिनीची आहे आणि गाण्यातली कॉलेजची पोरगी मी आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एक जण नाचता नाचता भावाकडे बघून ओरडला, “भाऊ, तुमना घरनं गानं! या ना नाचाले!” सगळी वरात हसली.

भाऊ घरी आला आणि वहिनीवर धावून गेला. “तुले कोनी सांगं व्हतं गाना म्हनाले?”

मी मध्ये पडले. “तिने हे नाही गायलं. त्या माणसाला जाऊन विचार ना!”

“साला शे तो मना,” भाऊ म्हणाला. “आखाजीले जेवाडेल शे त्याले. त्याना घर जाईसन भांडू?”

ज्याला वहिनीचा भाऊ मानून मांडे खाऊ घातले, त्याच्याशी भांडायचं नाही. ज्या बाईचं गाणं चोरलं, तिच्याशी मात्र भांडायचं. नानांनी टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकला आणि घरात गाणं नको म्हणून सांगितलं. वहिनीने ते ऐकलं आणि भाकरी उलटली. त्या दिवसापासून ती गायली नाही. घरात नाही, शेतात नाही, गौराईपुढे नाही.

मी धुळ्याला गेले. दुकान आता मोठं झालं होतं, काच लागली होती. तो उठून उभा राहिला. “या मॅडम, या. नोकरी लागली म्हणे. चहा सांगतो.”

“चहा नको. ते गाणं बंद करा. ते माझ्या वहिनीचं आहे.”

तो अजिबात चिडला नाही. त्याने खण उघडला, प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “माझं इंग्रजी कच्चं आहे मॅडम. तुमचं पक्कं. वाचा.”

मी वाचला. आता कळत होता, बी.एड.ने नाही, त्या दिवसानंतर कोश घेऊन ओळन्ओळ बसवायची सवय मी मुद्दाम लावून घेतली म्हणून. बोट जिथे दोनदा फिरलं होतं त्या ओळीत लिहिलं होतं की ही गाणी, यांचे शब्द, यांच्या चाली, आणि ही बाई यापुढे जी गाणी करील ती सगळी, कायमची या माणसाची, आणि तो त्यांत हवा तो बदल करू शकतो.

यापुढे करील ती सगळी. अजून न केलेली. कापूस फुटायच्या आधी शेत नेलं त्याने.

“तुम्ही फसवलंत,” मी म्हणाले.

“मी?” तो खरोखर आश्चर्य वाटल्यासारखा बघत होता. “मी तर तेव्हा मांडे खात होतो. वाचलं तुम्ही. सगळ्या गावासमोर बरोबर आहे म्हणालात तुम्ही. शिकलेल्या माणसाने वाचल्यावर आम्ही अडाण्यांनी काय बोलायचं?” आणि मी उठताना म्हणाला, “ताईला सांगा, आखाजीला साडी येईल.”

साडी त्या एका वर्षानंतर कधीच आली नव्हती.

घरी गेले तर वहिनी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. कागदात काय आहे ते. मला तेव्हा एक ओळही कळली नव्हती ते. मी रडत होते, आणि वाट बघत होते की ती मला काहीतरी मारून फेकेल.

तिने शेंगा थांबवल्या नाहीत. “माले माहीत शे,” म्हणाली.

“काय माहीत शे?”

“तुन्हं बोट एकच ओळवर दोनदा फिरनं. पोथी वाचस तव्हय तुन्हं बोट कव्हय थांबत नही. मी तव्हयच समजनू, हिले काही येत नही.”

“मंग बोलनी काबरं नही?”

“बठ्ठा बायास्मोरे?” सगळ्या बायकांसमोर? “नाना सांगी राहिंथात, मन्ही पोर इंग्रजी वाचस. तुले खाली दखनं पडतं.” तुला खाली बघावं लागलं असतं. तिने टरफलं झटकली. “आनि मालेबी घाई व्हती, माय. चार सालमा पहिल्यांदा कोनी मुराळी उना व्हता.”

म्हणजे माझी लाज राखायला तिने सही केली होती. मला तिचाही राग आला. इतका की मी उठून मागच्या दारी गेले. माझ्यासाठी हिने पाठ वाकवली, ते मी घेतलं. माझ्यासाठी हिने गळाही द्यावा, हे कोणी सांगितलं होतं हिला?

जेवणं झाल्यावर मी नाना आणि भाऊ यांच्यापुढे उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं. चूक वहिनीची नाही. मला कागद वाचता आला नव्हता. मी खोटं बोलले.

नाना आधी हसले. मग माझ्याकडे बघून गंभीर झाले. “बी.ए. व्हयेल पोरले वाचता येत नही? तिनी बाजू लेई राहिनी तू.”

“नाना, मी खरं सांगतेय. मला कळलंच नव्हतं.”

“जाय, झोप.” त्यांनी पाय पसरले. भावाने तर मान वर केली नाही. त्यांना माझं खरं चालणार नव्हतं. माझ्या शिक्षणाची पाच वर्षं खोटी ठरण्यापेक्षा वहिनी निर्लज्ज ठरलेली त्यांना परवडत होती. नाना गेले तेव्हाही त्यांच्या मनात तसंच होतं. मी त्यांची ऋणी आहे, त्यांनी मला पाठवलं नसतं तर मी हे लिहू शकले नसते. आणि तरीही या एका गोष्टीबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी वहिनीसोबत वेचणीला गेले. माझ्या वाट्याची ओळ मी धरली. दहा-बारा बायका, आणि कोणी काही म्हणत नव्हतं. नुसती बोंडं ओढल्याचा आवाज. एका म्हातारीने विचारलं, “म्हन ना व काही?” वहिनीने मान हलवली.

माझा आवाज चांगला नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी ओठ हलवते. पण मला इतका संताप आला, त्या माणसाचा, त्या शांततेचा, माझ्या नीटनेटक्या साडीचा, की मी तिथेच ओरडल्यासारखी म्हणायला लागले. नऊनी गाडी, नऊनी गाडी. खरे शब्द. हातमा पुस्तक. बायका आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, कारण सूर कुठेच लागत नव्हता. मी ‘दारपासेच बठनी’पर्यंत आले आणि थांबले. पुढची ओळ, मी वाचत बसल्याची, माझ्याने म्हणवेना.

वहिनी कापसाच्या पुढच्या ओळीत होती. मागे न बघताच तिने विचारलं, “पुढलं काबरं गिळं?”

“मी नही म्हनस.”

“म्हन.”

“वहिनी, नको.”

“म्हन म्हनस ना.” आता ती वळली होती. हातात बोंड, कपाळाला घाम. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. शाळा तपासायला आलेल्या माणसासारखी उभी होती.

मी म्हणाले. टेसन उनं, टेसन गयं, ती वाचतच बठनी. सूर सोडून, सगळ्या बायकांसमोर. या ओळीला पूर्वी त्या हसायच्या. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

वहिनीने मान हलवली, वळली आणि पुढचं झाड धरलं. तिचं तोंड बंदच राहिलं. तिचे हात माझ्यापेक्षा दुप्पट भरभर चालत होते, आणि थोड्याच वेळात ती माझ्या पुष्कळ पुढे निघून गेली.